गाणं आटोपशीर करणारे अभिषेकीबुवा

वणीहून तुमच्यासाठी आणखी एक भाग. ज्यांना ऐकण्यापेक्षा वाचायला आवडतं, किंवा बसमध्ये हेडफोन विसरलेत, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे तो इथे लिहून काढलाय. बोलण्यातली थोडी पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसंच्या तसं.

आजचा माणूस असा, की त्याची चाल तुम्ही नक्की ऐकली असणार, नाव कदाचित नाही. २०१५ साली ‘कट्यार काळजात घुसली’ हा सिनेमा आला. त्यातली नवी गाणी शंकर-एहसान-लॉय यांची. पण त्यात जुनीही गाणी होती, आणि ती आली होती १९६७ सालच्या मूळ नाटकातून. त्या नाटकाचे संगीतकार पंडित जितेंद्र अभिषेकी. याच सिनेमातल्या गाण्यासाठी ज्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, ते महेश काळे अभिषेकींचेच शिष्य.

आधी काय होतं?

१८८० साली पुण्यात अण्णासाहेब किर्लोस्करांचं ‘शाकुंतल’ रंगमंचावर आलं. त्यात पदं किती? दोनशेच्या आसपास! पुढे १९११ साली ‘मानापमान’ला गोविंदराव टेंब्यांनी चाली दिल्या, १९१६ साली ‘स्वयंवर’ला भास्करबुवा बखल्यांनी. बालगंधर्वांच्या काळात नाटक रात्रभर चालायचं. लोक गाणं ऐकायला यायचे, वन्स मोअर द्यायचे, आणि नट तेच पद पुन्हा नव्यानं रंगवायचा. कथा तोवर विंगेत उभी!

मग बोलपट आला. १९३२ साली ‘अयोध्येचा राजा’ हा मराठी बोलपट लागला, आणि गाणं ऐकायला स्वस्त जागा मिळाली. बड्या नाटक मंडळ्या एकेक करून बंद पडल्या. साठच्या दशकात संगीत नाटक म्हणजे आजोबांच्या आठवणी, अशीच परिस्थिती होती. प्रेक्षकाला तीन-साडेतीन तासांत घरी जायचं होतं.

मंगेशी ते मुंबई

अभिषेकींचा जन्म २१ सप्टेंबर १९२९चा, गोव्यातल्या मंगेशी गावचा. घराण्याचं मूळ आडनाव नवाथे. मंगेशाच्या देवळात अभिषेक करण्याचा मान म्हणून ‘अभिषेकी’. वडील बाळूबुवा कीर्तनकार, त्यामुळे कथा सांगता सांगता गाणं कसं यावं आणि कुठे थांबावं, हे त्यांनी लहानपणापासून पाहिलेलं.

गाणं शिकायला सुरुवात गिरिजाबाई केळेकरांकडे. नंतर आग्रा घराण्याचे जगन्नाथबुवा पुरोहित, अजमत हुसेन खाँ, जयपूर घराण्याची विद्या असलेले गुलुभाई जसदनवाला. संस्कृतची पदवी घेतली. मुंबई आकाशवाणीवर कोकणी विभागात नोकरी केली. एका घराण्याचं कुंपण त्यांनी कधी मानलंच नाही. हा मुद्दा लक्षात ठेवा, कट्यारपाशी तो पुन्हा येणार आहे.

नाशिकचे शब्द, गोव्याची चाल

आता आपल्याकडची गोष्ट. १९६४ साली गोवा हिंदू असोसिएशननं ‘मत्स्यगंधा’ केलं. नाटककार वसंत कानेटकर, म्हणजे नाशिकच्या कॉलेजातले प्राध्यापक. १९६६ साली ‘ययाति आणि देवयानी’ आलं. नाटककार वि. वा. शिरवाडकर, म्हणजे आपले कुसुमाग्रज. त्यांचं बालपण गेलं ते पिंपळगाव बसवंतला. वणीहून हायवे गाठायला आपण ज्या गावाला जातो, तेच. त्याच वर्षी कानेटकरांचं ‘लेकुरे उदंड जाली’ही आलं. या तिन्ही नाटकांना संगीत अभिषेकींचं. म्हणजे संगीत नाटकाला साठच्या दशकात जे नवं रक्त मिळालं, त्यातलं बरंचसं नाशिकच्या शाईचं होतं!

अभिषेकींनी नेमकं बदललं काय? जुन्या पद्धतीत चाल बऱ्याचदा आधीच असायची. एखादी प्रसिद्ध बंदिश, ठुमरी घ्यायची आणि त्यावर मराठी शब्द बसवायचे. अभिषेकींनी तीन गोष्टी बघून चाल बांधली: प्रसंग कोणता, पात्र कोणतं आणि गाणाऱ्याचा गळा कसा.

‘मत्स्यगंधा’त पराशर होते रामदास कामत. तयारीचा, चढा आवाज. त्यांना तशाच अवघड, ताना मागणाऱ्या चाली. सत्यवती होत्या आशालता. त्या मैफिलीत ख्याल गाणाऱ्या गायिका नव्हत्या. त्यांना हळुवार, शब्द जवळ घेऊन चालणाऱ्या चाली. नाटक एकच, संगीतकार एकच, पण दोन पात्रं दोन तऱ्हेनं गातात. आणि ‘लेकुरे उदंड जाली’त तर घरगुती विनोद. तिथे बोलता बोलता गाणं सुरू होतं आणि गाता गाता बोलणं.

दुसरी गोष्ट, राग. ‘ययाति आणि देवयानी’तलं ते पद आठवा, ज्यात सुरांनाच चंद्र व्हायची विनवणी आहे. ते चारुकेशीत आहे. हा राग मूळचा दक्षिणेकडचा. त्याचा खालचा अर्धा भाग शुद्ध स्वरांचा, उजळ. वरच्या अर्ध्यात धैवत आणि निषाद कोमल होतात आणि उजेड मंदावतो. म्हणजे एकाच रागात चांदणं आणि हुरहूर दोन्ही. रागाचं नाव माहीत नसलं तरी ऐकणाऱ्याला ते कळतं. कळावं म्हणूनच तो राग तिथे आहे.

कट्यार : संगीतकाराची खरी परीक्षा

पुरुषोत्तम दारव्हेकरांच्या ‘कट्यार’मध्ये भांडणच गाण्यावरून आहे. पंडित भानुशंकर एका वळणाचे, खाँसाहेब आफताब हुसेन दुसऱ्या. आता विचार करा. लेखकानं लिहिलं, ‘दोघांची गायकी वेगळी.’ पण प्रेक्षागृहातल्या सहाशे-सातशे लोकांना, ज्यांना षड्जही ओळखता येत नाही, हा फरक ऐकू कसा येणार?

अभिषेकींनी एकच पद घेतलं, ‘घेई छंद मकरंद’, आणि त्याला दोन चाली दिल्या. एक पंडितजींची, शांत, ठहराव असलेली. दुसरी खाँसाहेबांची, चपळ, उसळती. शब्द तेच, माणूस वेगळा. पंडितजींच्या वळणाची चाल गायली प्रसाद सावकारांनी, खाँसाहेब होते डॉ. वसंतराव देशपांडे. समजावून सांगणारं एक वाक्य न घालता दोन घराणी समोरासमोर उभी राहिली. आणि हे कुणाला जमलं? ज्यानं स्वतः वेगवेगळ्या घराण्यांच्या गुरूंसमोर बसून तालीम घेतली होती, त्याला.

सगळ्यांना आवडलं का?

नाही. जुन्या रसिकांना वाटलं, नाट्यसंगीत भावगीताकडे झुकतंय, नटाची मोकळीक गेली. तक्रार अगदी खोटी नाही. बांधीव चालीत नटाला भटकायला जागा कमी राहते. पण दुसरी बाजू बघा: तसंच्या तसं जपलं असतं तर ते जयंती-पुण्यतिथीच्या कार्यक्रमापुरतं उरलं असतं. अभिषेकींनी पसारा कमी केला, राग नाही. चालीत तानेची जागा ठेवली, फक्त ती कुठे संपते तेही ठरवलं.

इथे आपल्यासाठी एक गोष्ट आहे. आपण तीस सेकंदांच्या रीलच्या जमान्यात आहोत. गाणं छोटं करणं आज कुणालाही येतं, शेवट कापला की झालं. अभिषेकींचं तसं नव्हतं. तासभर राग मांडू शकणाऱ्या माणसानं ते चार मिनिटांत आणलं होतं. मोठं येत होतं म्हणून छोटं भरलेलं निघालं. गावात जी पोरं-पोरी हार्मोनियम, तबला शिकतायत, त्यांनी एवढं मनात ठेवावं.

स्वतः बुवांनीही शिकवणं छोटं केलं नाही. शिष्य घरी राहून शिकले. प्रभाकर कारेकर, अजित कडकडे, राजा काळे, आशा खाडिलकर, देवकी पंडित, चिरंजीव शौनक अभिषेकी, किती नावं घ्यावीत! ७ नोव्हेंबर १९९८ रोजी पुण्यात बुवा गेले.

आज रात्री हे करून बघा

‘घेई छंद मकरंद’च्या दोन्ही चाली शोधा, आधी सावकार, मग वसंतराव. लागोपाठ, हेडफोन लावून, डोळे मिटून. राग ओळखायचा नाही. फक्त एवढंच सांगा, यातला कोणता माणूस आधी चिडेल?

उत्तर आम्हाला व्हॉइस मेसेजनं पाठवा. भेटू पुढच्या भागात. तोपर्यंत ऐकत राहा!