तगरीखालच्या लेंड्या

पावसाळ्यात आमच्या सोसायटीतल्या तगरीच्या कुंपणाशी गेले की मी आधी खालच्या फरशीकडे बघते. ही सवय माळीकाकांनी लावली. "ताई, पानांत शोधाल तर दिवस जाईल. खाली बघा," ते म्हणाले होते. फरशीवर मिऱ्याएवढ्या गडद लेंड्या दिसल्या की नेमकी त्यांच्या वरची फांदी चाळायची. लेंड्या ओलसर असतील तर अळी अजून तिथंच आहे.

तरी ती पटकन दिसत नाही. आधी दिसतात शेंड्याचे उघडे देठ, तुटल्या जागी तगरीचा पांढरा चीक. मग त्यांच्यातलाच एक जाड देठ हलतो. बोटाएवढी लांब, पोपटी अळी. कडेनं पांढरी रेघ, शेपटाशी छोटं शिंग. धक्का लागला की ती डोकं आत ओढून घेते आणि मानेजवळचे दोन निळसर-पांढरे ठिपके डोळ्यांसारखे वटारले जातात. मी पहिल्यांदा हात मागे घेतला होता. पण ती चावत नाही, तिच्या अंगाला खाजही नाही. कण्हेरीवरही हीच येते. हिचा पतंग हिरव्या-गुलाबी नक्षीचा, फार देखणा.

नुकती फुटलेली अळी मात्र पिवळी, दोऱ्यासारखी, लांब काळ्या शिंगाची. खरं लक्ष तिच्यावर हवं, कारण सगळ्यात जास्त पानं शेवटच्या काही दिवसांत फस्त होतात. जुनं कुंपण ते सोसतं, पुन्हा फुटतं. नव्या रोपांवरच्या अळ्या आम्ही हातानं वेचून साबणाच्या पाण्यात टाकतो. फारच झाल्या तर संध्याकाळी बीटी फवारतो. हे जिवाणूंचं औषध पानासोबत अळीच्या पोटात जावं लागतं आणि उन्हात लवकर निकामी होतं. लहान अळ्यांवरच ते नीट चालतं. तपकिरी पडलेल्या अळीवर ते वाया घालवू नये. तिचं खाणं संपलेलं असतं, ती कोष करायला पाचोळ्यात उतरते.

पलीकडच्या कुंतीच्या कुंपणाला मात्र आम्ही पंप लावत नाही. एका वर्षी न बघता दोन्हीकडे फवारलं होतं. कुंतीखाली मेलेल्या अळ्या फुलपाखरांच्या होत्या, हे मला नंतर कळलं आणि फार लागलं. बीटीला पतंगाची अळी आणि फुलपाखराची अळी यांतला फरक कळत नाही. आता पंप भरण्याआधी मी कुंतीच्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखे ठिपके शोधते. काडीनं हलकेच स्पर्श केला की त्यातल्या एखाद्याच्या डोक्यामागून लालसर दुबेळकं बाहेर येतं, उग्र वास सुटतो, आणि मी पंप घेऊन तगरीकडे वळते.