दंडावरचा वण काय सांगतो?

बोदवडला एका घरी आम्ही चहाला टेकलो होतो. सव्वा महिन्याच्या लेकराच्या डाव्या दंडावर फोड आलेला पाहून आई घाबरली होती. सासूबाई मात्र निवांत. "अगं, टोचलेलं पिकलं म्हणजे लागू पडलं!" असे म्हणत त्यांनी हळद-तेलाची वाटीही आणून ठेवली होती. सासूबाईंचे बरेचसे खरे होते. हळद मात्र नको.

बीसीजी ही क्षयाची लस. फ्रान्सच्या काल्मेत आणि गेरँ या दोघा शास्त्रज्ञांनी गाईला होणाऱ्या क्षयाचे जंतू तेरा वर्षे पुन्हा पुन्हा वाढवून इतके दुबळे केले की ते माणसाला रोग देईनात. १९२१ साली ती प्रथम बाळाला दिली गेली. तिच्यातले जंतू दुबळे असले तरी जिवंत असतात. ते कातडीत शिरताच शरीराच्या पहारेकरी पेशी तिकडे धावतात आणि तिथे दाह होतो. दोन-तीन आठवड्यांनी गाठ येते, पाचव्या आठवड्याच्या सुमारास ती ज्वारीच्या दाण्याएवढी किंवा थोडी मोठी होते, कधी फुटते, खपली धरते आणि दोन-तीन महिन्यांत वण ठेवून बरी होते. तिला काही लावू नये, बांधू नये, दाबू नये. काखेत मोठी गाठ आली किंवा जखम महिनोन्‌महिने भरली नाही, तर डॉक्टरांना दाखवावे. आणि वण उमटलाच नाही, तरी पुन्हा टोचून घेण्याचे कारण नाही.

या दाहातून शरीर शत्रूची ओळख धरते. म्हणून लहानग्यांना मेंदूच्या आवरणाचा क्षय आणि अंगभर पसरणारा क्षय यांपासून ही लस चांगले राखते. मोठ्यांच्या फुप्फुसाच्या क्षयाचे मात्र तसे नाही. तामिळनाडूत चिंगलपेट भागात १९६८ पासून अडीच लाखांवर माणसांवर मोठी चाचणी झाली. पंधरा वर्षे पाहूनही प्रौढांना तिचे संरक्षण दिसले नाही. आपल्या दंडावर वण आहे म्हणून आपल्याला टीबी होणार नाही, हा समज त्यासाठीच धोक्याचा.

गंमत पुढेच आहे. नेदरलँडच्या संशोधकांनी २०१२ साली दाखवले की ही लस घेतल्यावर रक्तातल्या साध्या पहारेकरी पेशीही जणू तालीम घेतात आणि दुसऱ्याच जंतूंपुढे अधिक जोमाने उभ्या राहतात. मग २०२० च्या करोनात चेन्नईच्या राष्ट्रीय क्षयरोग संशोधन संस्थेने साठ ते ऐंशी वयाच्या लोकांना बीसीजी देऊन महिन्याने रक्त तपासले. दाह वाढवणारे अनेक पदार्थ वाढण्याऐवजी उतरलेले निघाले. उतारवयात अंगात दाहाची धग सतत धुमसत असते, ती या लसीने शमलेली दिसली. मात्र रक्तातला बदल म्हणजे रोग टळला असे नव्हे. आरोग्य कर्मचाऱ्यांवरच्या मोठ्या परदेशी चाचणीत करोनापासून बचाव काही दिसला नाही.

त्याच घरातले आजोबा हे ऐकत होते. बिडीची सवय, मधुमेह, वय साठच्या वर. "मग मला बी टोचून द्या की!" म्हणाले. त्यांचे विचारणे वावगे नव्हते. सरकारने २०२४ साली महाराष्ट्राच्या निवडक जिल्ह्यांत साठीवरचे, मधुमेही, बिडी-सिगारेट ओढणारे, रोग्याच्या सहवासातले अशा प्रौढांना बीसीजी देऊन पाहिली. पण आजोबा बोलता बोलता तीनदा खोकले. किती दिवसांचा खोकला? "कपाशी वेचायला लागली तेव्हापासून." म्हणजे महिना झाला होता. सुनेने हळूच सांगितले, संध्याकाळी अंगही तापते.

अशा वेळी लस कामाची नाही. दोन आठवड्यांवर खोकला, बारीक ताप, उतरते वजन असेल तर आधी बेडका तपासायचा. सरकारी दवाखान्यात तपासणी आणि औषधे फुकट आहेत आणि उपचार चालू असेपर्यंत आहारासाठी महिना एक हजार रुपये मिळतात. घरात सव्वा महिन्याचे लेकरू आहे, हे आम्ही आजोबांना सांगितले. ते काही बोलले नाहीत, पण बिडीचे बंडल त्यांनी कोनाड्यात ठेवले आणि सकाळी ग्रामीण रुग्णालयात कोण सोबत येते म्हणून मुलाला विचारले.