परताव्याचा ताळा

गेल्या लक्ष्मीपूजनाला मी धायरीत दादाच्या घरी होतो. दादाला जाऊन सात महिने झाले होते. पाटावर लक्ष्मीची तसबीर, केरसुणी, लाह्या-बत्तासे आणि दरवर्षीप्रमाणे त्याची हिशेबाची वही. आरती झाल्यावर वहिनींनी मोबाइल माझ्यापुढे धरला.

"भाऊजी, हे खरं का हो? ह्यांनी निवृत्तीचे पैसे दहा वर्षं नुसते पडू दिले?"

पडद्यावर दादाच्या म्युच्युअल फंडाचा हिशेब होता. गुंतवणूक ५,००,०००, आजचे मूल्य ६,००,०००, वार्षिक परतावा १.८ टक्के. (समजायला सोपे जावे म्हणून आकडे मी गोल केले आहेत.) बचत खात्यातसुद्धा याहून जास्त मिळाले असते. हाच आकडा पाहून ओळखीच्या एका गृहस्थांनी त्यांना सगळे मोडून एका विमा योजनेत पैसे घालायचा सल्ला दिला होता. दहा वर्षे दरवर्षी एक लाख भरायचे, पंधरा वर्षे पूर्ण झाली की वीस लाख हातात. "दहाचे वीस, वहिनी! दुप्पट!" फॉर्म भरून तयार होता, सही तेवढी बाकी होती.

नोकरीची सारी वर्षे मी बँकेत हिशेब तपासण्यात घालवली. त्यामुळे आकडा खोटा आहे का, हे पाहण्याआधी तो कशावरून काढला आहे, हे पाहायची सवय. पाटावरची वही उचलली. दादाच्या किरट्या अक्षरात दरवर्षी एक ओळ होती : 'युनिटचा लाभांश ३५,०००, बँकेत जमा'. शेवटच्या काही वर्षांत 'हाती ३१,५००, करकपात ३,५००'. दादाने लाभांशाचा पर्याय घेतला होता. दहा वर्षांत साडेतीन लाख रुपये फंडातून निघून बँकेत आले होते, आणि त्यातूनच घर चालले होते. अॅपला यातले काहीच ठाऊक नव्हते. पाच लाख गेले आणि सहा लाख उरले, एवढेच त्याने पाहिले होते.

ते हप्ते त्यांच्या तारखांसह हिशेबात धरले, तेव्हा परतावा निघाला सुमारे ८.४ टक्के.

तर परतावा म्हणजे नेमके काय? 'किती घातले आणि किती झाले' एवढ्यावर तो ठरत नाही. कोणता रुपया कधी गेला आणि कधी परत आला, हे सांगितल्याशिवाय परतावा काढताच येत नाही. समजा, तुम्ही दर महिन्याच्या सुरुवातीला १०,००० रुपये भरले आणि वर्षअखेर १,२०,००० चे १,२६,४०० झाले. वाढ ५.३ टक्के दिसते. पण पहिला हप्ताच काय तो बारा महिने कामाला होता, शेवटचा जेमतेम एक महिना. प्रत्येक हप्त्याला त्याच्या वाट्याचा काळ दिला, की खरा वार्षिक दर १० टक्के येतो.

एक्सेलमध्ये हे काम 'एक्सआयआरआर' नावाचे सूत्र करते. एका स्तंभात तारखा, दुसऱ्यात रकमा. खिशातून गेलेली रक्कम उणे, आलेली अधिक, आणि शेवटच्या ओळीत आजचे मूल्य. ज्या दराने या सगळ्यांची आजची बेरीज शून्य होते, तो आपला परतावा. व्यवहार पुष्कळ असले की हा दर सरळ सूत्राने काढता येत नाही. म्हणून संगणक १० टक्के धरून सुरुवात करतो आणि अंदाज सुधारत सुधारत उत्तराशी पोहोचतो. मुळातला प्रश्न मात्र जुना आहे. एका मुद्दलाचे व्याज आले, ते व्याज पुन्हा व्याजाने दिले, शेवटी अमुक रक्कम झाली. तर पहिले व्याज किती? याचा वर्गमुळाने सुटणारा नियम आर्यभटाने इ. स. ४९९ च्या सुमारास 'आर्यभटीया'च्या गणितपादात दिला आहे.

इथे आणखी एक गफलत होते. फंडाचा परतावा आणि आपला परतावा हे दोन वेगळे आकडे आहेत. समजा, एका युनिटचे मूल्य पहिल्या वर्षी १०० चे २०० झाले आणि दुसऱ्या वर्षी १५० वर उतरले. फंड म्हणेल, दोन वर्षांत वार्षिक २२.५ टक्के, ते खरेच आहे. पण तुम्ही सुरुवातीला एक लाख घातले आणि भाव दुप्पट झालेला पाहून वर्षअखेर आणखी नऊ लाख घातले, तर तुमच्याकडे ५,५०० युनिट असतील. त्यांचे मूल्य ८,२५,०००, म्हणजे पावणेदोन लाखांचा तोटा आणि वार्षिक परतावा उणे १६ टक्के. फंड चांगला चालवला का, हे विचारायचे असेल तर पहिला आकडा घ्यावा. माझ्या पैशाचे काय झाले, हे विचारायचे असेल तर दुसरा. सॉफ्टवेअर यांतला कोणता दाखवते, हे आधी शोधावे.

लाभांश विसरण्याची चूक मोठमोठ्यांच्या हिशेबातही होती. वर्षानुवर्षे फंड आपली तुलना सेन्सेक्स किंवा निफ्टीशी करत. या निर्देशांकांत फक्त भाव असतात, कंपन्यांनी वाटलेला लाभांश नसतो. फंडाच्या मूल्यात मात्र तो येतो. त्यामुळे फंड आहे त्याहून हुशार दिसे. अखेर सेबीने १ फेब्रुवारी २०१८ पासून लाभांश धरलेल्या निर्देशांकाशीच तुलना करणे बंधनकारक केले. दादाच्या 'लाभांश' पर्यायाचे नावही एप्रिल २०२१ पासून सेबीने बदलले. नवे नाव 'उत्पन्नाचे वाटप आणि भांडवलाची उचल' अशा अर्थाचे आहे. ते लांबलचक असले तरी प्रामाणिक आहे, कारण वाटलेली रक्कम तुमच्याच युनिटच्या मूल्यातून वजा होते. ती वरकमाई नव्हे.

उलट बाजूची चूक आमच्या सोसायटीच्या कट्ट्यावर रोज ऐकू येते. "वीस वर्षांपूर्वी धायरीत पंधरा लाखांना घेतलेला फ्लॅट आज साठचा. चौपट!" वीस वर्षांत चौपट म्हणजे वार्षिक ७.२ टक्के. त्यातून कर्जाचे व्याज, मालमत्ता कर आणि देखभाल वजा करायची. वाचलेले भाडे मिळवायचे. मग काय उरते, ते ज्याचे त्याने पाहावे.

नोंदी कशा ठेवाव्यात? जुनी द्विनोंदी पद्धत इथेही उपयोगी पडते. ग्नूकॅश हे मुक्त सॉफ्टवेअर याच पद्धतीवर चालते : पैसा एका खात्यातून निघाला, तर तो दुसऱ्या खात्यात उतरलाच पाहिजे. लाभांश बँकेत जमा झाला, तर तो कोणत्या गुंतवणुकीतून आला हेही लिहावे. त्याची पुन्हा युनिटे घेतली असतील, तर ती नवी घातलेली रक्कम धरू नये. कापलेला कर हा गुंतवणुकीचा तोटा नसतो. लाभांश पूर्ण लिहावा आणि करकपात वेगळ्या खात्यात दाखवावी. जुलै २०२० पासून युनिटखरेदीवर ०.००५ टक्के मुद्रांक शुल्क लागते. १०,००० वर ५० पैसे. युनिटे ९,९९९.५० ची मिळाली, तरी खिशातून गेले ते १०,००० लिहावेत.

शेअरबाबत आणखी जपावे लागते. पुण्यात १९८१ साली सुरू झालेल्या इन्फोसिसने २०१८ मध्ये एकास एक बोनस दिला. शेअरची संख्या सॉफ्टवेअरमध्ये दुप्पट केली नाही, तर निम्मे पैसे बुडालेले दिसतात. १ जुलै २०२३ रोजी एचडीएफसी ही कंपनी एचडीएफसी बँकेत विलीन झाली आणि २५ शेअरमागे बँकेचे ४२ मिळाले. ही विक्री नव्हे. जुनी खरेदीची तारीख आणि किंमत नव्या शेअरवर नेली नाही, तर एका ओळीत शंभर टक्के तोटा आणि दुसऱ्या ओळीत फुकटचा नफा दिसेल.

वर्षातून एकदा ताळा पाहावा. कॅम्स आणि केफिनटेककडून एकत्रित खातेविवरण मागवून युनिटांची संख्या तीन दशांश स्थळांपर्यंत जुळवावी. संख्या जुळत नाही, तोवर परताव्याच्या आकड्याकडे बघूच नये.

त्या रात्री विमा योजनेचाही हिशेब त्याच सूत्रात घातला. दहाचे वीस म्हणजे सुमारे ६.७ टक्के. वहिनींना मी दोन्ही बाजू सांगितल्या. विम्याची रक्कम ठरलेली आहे, तिथे बाजाराची जोखीम नाही. दादाचे ८.४ टक्के करापूर्वीचे आहेत आणि पुढेही तेवढेच मिळतील, याची हमी कोणी देणार नाही. पण १.८ सोडून दुप्पट घेणे हा एक निर्णय, आणि ८.४ सोडून ६.७ घेणे हा दुसरा. सही करणाऱ्याला आपण कोणता निर्णय घेतो आहोत, एवढे तरी कळायला हवे.

वहिनी बराच वेळ वही चाळत बसल्या. मग म्हणाल्या, "म्हणजे दरवर्षी मार्चमध्ये जे पैसे यायचे, ते हेच होते तर."

फॉर्मवर त्यांनी सही केली नाही. फंडातले थोडे पैसे काढून मुदतठेवीत ठेवले, बाकीचे तसेच राहू दिले. या मार्चमध्ये पैसे आले, तेव्हा दादाच्या शेवटच्या ओळीखाली त्यांनी स्वतःच्या अक्षरात तारीख आणि रक्कम लिहिली.