ट्रॅक्टरचे इंजिन-गिअरबॉक्सचे घरचे काम : ते का रेंगाळते आणि हंगामाआधी कसे उरकावे

ऊसपिकाच्या मासिकात ट्रॅक्टरच्या इंजिनावर लेख कशाला, असे कोणी म्हणेल. पण पावसाळ्यात ऊसनोंदीसाठी गटागटांतून फिरताना गोठ्याशेजारच्या शेडमध्ये मधून सोडवून ठेवलेले ट्रॅक्टर आम्हांला दरसाल दिसतात. कधी होणार म्हणून विचारले की उत्तर ठरलेले : "होईलच की आता, नुसतं एक सामान यायचं राहिलंय." पुढच्या फेरीलाही तेच.

याचा उसाशी सरळ संबंध आहे. पूर्वहंगामी लागण १५ ऑक्टोबर ते १५ नोव्हेंबर या काळात व्हावी लागते. त्यासाठी नांगरट, रोटाव्हेटर व सरी ही कामे सप्टेंबरअखेरपासून सुरू होतात. त्या वेळी ट्रॅक्टर खुला पडलेला असला तर भाड्याचा शोधावा लागतो, आणि त्या दिवसांत तो वेळेवर मिळत नाही. लागण लांबत लांबत सुरू हंगामावर जाते आणि उतारा घटतो. ज्यांनी ऊस वाहतुकीचा करार करून उचल घेतली आहे त्यांची अडचण तर दुहेरी. म्हणून हे काम का रेंगाळते आणि मार्गी कसे लावावे, याचा विचार येथे करू.

दुरुस्ती की बदल?

पहिला घोळ इथेच होतो. इंजिन धूर टाकू लागले, ऑईल खाऊ लागले, म्हणजे ते बदलावेच लागते असे नाही. ब्लॉक व क्रँक शाबूत असतील तर लायनर-पिस्टन सेट, बेअरिंग, हेडचे व्हॉल्व्ह आणि डिझेल पंप-नोझल यांचे काम करून तेच इंजिन पुन्हा चालते. ब्लॉकला तडा असेल किंवा क्रँक घासण्याच्या मर्यादेपलीकडे गेला असेल, तरच बदलाचा विचार करावा.

जुन्या ट्रॅक्टरांची गोष्ट थोडी वेगळी. एच.एम.टी.ने १९७१ साली झेटर पद्धतीचे ट्रॅक्टर काढायला सुरुवात केली. २०१६ साली केंद्र सरकारने तो ट्रॅक्टर विभाग बंद करण्यास मंजुरी दिली. अशा बंद पडलेल्या मॉडेलांचे मोठे भाग शोधण्यात वेळ जातो. मग दुसऱ्या जुन्या ट्रॅक्टरचे इंजिन, जमल्यास गिअरबॉक्ससह, आणून बसवावे असे मनात येते. त्याच मॉडेलचे इंजिन मिळाले तर उत्तम. दुसऱ्या बनावटीचे असेल तर आधी पुढील गोष्टी पाहाव्यात.

ट्रॅक्टर म्हणजे जीप नव्हे

जीपला किंवा ट्रकला लोखंडी चासी असते, इंजिन तिच्यावर नुसते बसलेले असते. बहुतेक शेती ट्रॅक्टरांना अशी चासी नसते. इंजिनचा ब्लॉक, क्लच हाउसिंग, गिअरबॉक्स व मागची हाउसिंग एकमेकांना बोल्टने जोडून त्यांचाच कणा होतो. १९१७ सालच्या फोर्डसन ट्रॅक्टरने ही बांधणी जगभर रूढ केली. त्यामुळे ट्रॅक्टरचे इंजिन ओढण्याचे काम करते आणि पुढच्या भागाचा भारही सोसते. पाणी उपसायच्या इंजिनचा ब्लॉक त्यासाठी घडवलेला नसतो. तो ट्रॅक्टरच्या कण्यात घातला की खडकाळ वाटेवर त्याचे कान तुटण्याचा धोका असतो.

दुसरी गोष्ट फेऱ्यांची. समजा, मूळ इंजिन मिनिटाला १८०० फेरे घेते तेव्हा पी.टी.ओ. ५४० फेरे घेतो. तिथे १५०० फेऱ्यांचे इंजिन बसवले तर त्याच दात्यांतून पी.टी.ओ. ४५० वरच राहील. रोटाव्हेटरची माती बारीक होणार नाही आणि रस्त्यावरचा वेगही सहाव्या हिश्शाने कमी होईल.

तिसरी गोष्ट ताकदीची. ३५ हॉर्सपॉवरच्या गिअरबॉक्समागे ५० चे इंजिन लावले म्हणजे ट्रॅक्टर ५० चा होत नाही. गिअरचे दाते, क्राऊन-पिनियन व ब्रेक ३५ चेच राहतात. उसाच्या दोन भरलेल्या ट्रॉल्या चढाला ओढताना दाते जातील, पण उताराला ब्रेक कमी पडले तर माणसे जातील. याचा विचार आधी करावा.

शिवाय अनेक ट्रॅक्टरांत हायड्रॉलिक पंप इंजिनच्या गिअरवर चालतो. नव्या इंजिनला ती जागाच नसेल तर लिफ्टही उचलणार नाही आणि ट्रॉलीही पलटी होणार नाही. स्टार्टरचे दाते, रेडिएटरची जागा, ऑईलच्या चेंबरचा आकार हेही आधीच मापून पाहावे. ही मापे इंजिन विकत घेण्याआधी घ्यायची असतात. व्यवहार झाल्यावर टेप काढून काय उपयोग?

घोडे कुठे अडते?

आमच्या पाहणीत काम मेस्त्रीच्या आळसाने क्वचितच अडते. प्रत्यक्ष हात चालतो ते दिवस थोडे असतात. बाकीचे सगळे वाट पाहण्यात जातात. लेथवाल्याकडे पाळी, पंपवाल्याकडे पाळी, शहरातून सामान, मग पैशाची जुळणी. त्यातच एक काम उघडले की दुसरे दिसते. क्लचप्लेटसाठी ट्रॅक्टर सोडवावा तर क्रँकचे सील गळताना दिसते. सील काढावे तर बेअरिंगला खेळ दिसतो.

एका गटात घडलेले सांगतो. बापलेकांनी जूनच्या सुरुवातीला ट्रॅक्टर खोलला. ब्लॉक शहरातल्या एका दुकानात बोअरिंगला दिला. दुकानदाराने आठ दिवस सांगितले आणि सहा आठवडे लावले. तेवढ्यात घरी हेडवर ओल धरून व्हॉल्व्हच्या बैठकी गंजल्या, आणि पोत्यात भरलेले बोल्ट कुठले कोठे बसतात ते मेस्त्रीच्याही ध्यानात राहिले नाही. ब्लॉक आला तेव्हा गॅस्केट सेट नव्हता. तो आला तेव्हा मेस्त्री दुसरीकडे गुंतला होता. त्यांचा ट्रॅक्टर डिसेंबरात उभा राहिला. पूर्वहंगामी लागण गेलीच. यात कोणाची एकट्याची चूक नव्हती. एकामागून एक होणारी वाट पाहणी एकाच वेळी उरकता आली असती, एवढेच.

म्हणून खोलण्याआधी तीन कामे करावीत. लेथवाला, पंपवाला व मेस्त्री तिघांच्या तारखा घ्याव्यात. गॅस्केट, सील, क्लचप्लेट, रिलीज बेअरिंग असे हमखास लागणारे सामान आधीच आणावे. लायनर व बेअरिंग मात्र मापे घेतल्यावरच आणावीत. आणि खर्चाच्या अंदाजात न दिसणाऱ्या कामासाठी पाव हिस्सा जादा धरावा.

खोलताना व जोडताना

ट्रॅक्टरचा पुढचा ॲक्सल मधल्या खुंटीवर डुलतो, हे विसरू नये. मधून सोडवण्याआधी ॲक्सलच्या दोन्ही बाजूंस लाकडी पाचरी ठोकाव्यात, नाहीतर सुटलेले इंजिन कुशीवर पडते. मागच्या चाकांना उटी लावावी आणि गिअरबॉक्सखाली पक्के ठोकळे द्यावेत. नुसत्या जॅकच्या भरवशावर कोणी खाली शिरू नये. तीन सिलिंडरचे इंजिन अडीच-तीन क्विंटल सहज भरते. शेडच्या पत्र्याच्या कैचीला चेन-पुली टांगणे म्हणजे संकटाला आमंत्रण.

बोल्ट जागेनुसार वेगवेगळ्या डब्यांत ठेवून वर चिठ्ठी लावावी. बेअरिंगच्या टोप्यांवर नंबर व दिशा यांची खूण करावी. त्यांची अदलाबदल चालत नाही. उघड्या भागांना ऑईलचा हात देऊन स्वच्छ कापडात बांधावे. श्रावणातली ओलसर हवा चार दिवसांत गंज चढवते.

जोडताना मात्र घाई नको. काम हळू चालणे इथे फायद्याचेच असते. क्लचप्लेट जुन्या शाफ्टने मध्यावर धरून मगच प्रेशर प्लेट आवळावी. दोन्ही भाग हाताच्या ढकलीने एकमेकांत बसले पाहिजेत. बोटभर फट राहिली तर फ्लायव्हील थोडे फिरवून दाते जुळवावेत. बोल्ट आवळून फट मिटवू गेलात तर क्लचचा मधला भाग वा हाउसिंगचा कान तुटलाच समजा. परक्या इंजिनला मधली प्लेट करावी लागली तर क्रँक व गिअरबॉक्सचा शाफ्ट एका रेषेत आहेत की नाही, हे डायल गेजनेच पाहावे. इथे फरक एका मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या घरात हवा; तो डोळ्यांना दिसत नाही. प्लेटची जाडीही महत्त्वाची. शाफ्ट लांब पडला तर क्रँकला रेटतो, आखूड पडला तर पुढच्या बेअरिंगपर्यंत पोचत नाही.

दिवसांचा हिशेब

हिशेब उलटा मांडावा. नव्या कामाच्या इंजिनला सुमारे ५० तास हलके काम द्यावे लागते, मग ऑईल बदलावे लागते. रोज ४-५ तास धरले तरी १०-१२ दिवस झाले. लगेच ट्रॉली लावली तर रिंगा बसायच्या आत इंजिन तापते आणि सारा खर्च वाया जातो. तेव्हा आडसालीच्या सऱ्या सुटल्या की बेंदराच्या सुमारास ट्रॅक्टर खोलावा. गणेश चतुर्थीपर्यंत लेथ व पंपाचे काम घरी यावे. पितृपक्षात जुळणी सुरू करावी, आणि खंडेनवमीला पूजा चालत्या ट्रॅक्टरची व्हावी, डब्यांतल्या नटबोल्टांची नव्हे. गणपतीपर्यंत ब्लॉक परत आला नाही, तर हट्ट न धरता पूर्वहंगामीसाठी भाड्याचा ट्रॅक्टर तेव्हाच ठरवून टाकावा.

कागद विसरू नका

नोंदणी पुस्तकात इंजिन नंबर असतो. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे इंजिन बदलाची बाब परिवहन कार्यालयाशी निगडित आहे. आधी तिथे विचारून परवानगी घ्यावी, आणि बदल झाल्यावर १४ दिवसांत कळवून नवा नंबर चढवून घ्यावा. जुन्या इंजिनच्या खरेदीची पावती व मूळ मालकाचे कागद जपून ठेवावेत. अपघात झाला आणि नंबर जुळला नाही, तर विम्याच्या वेळी पंचाईत होते.

सभासद बंधू-भगिनींनो, ज्यांचा ट्रॅक्टर आज शेडमध्ये खुला आहे त्यांनी आजच एक कागद घ्यावा. काय झाले, काय राहिले, कोणाची वाट पाहतो आहोत आणि त्याची तारीख काय, हे त्यावर लिहून शेडच्या खांबाला अडकवावे. ज्यांची पूर्वहंगामी लागण ट्रॅक्टरअभावी अडेल असे वाटते, त्यांनी तसे गट कार्यालयात आधी कळवावे. गटातील कोणाचा ट्रॅक्टर मोकळा आहे ते पाहून सांगड घालून देता येईल. लागण वेळेत होणे हे तुमच्या आणि कारखान्याच्याही हिताचे आहे.

— ऊस विकास अधिकारी, शेतकी खाते