उकाडा कुणाचा मोठा?

मे महिन्यात नागपूरचं दुपारचं तापमान सरासरी ४२-४३ अंशांवर असतं, मुंबईचं ३३-३४. या हिशेबानं नागपूरकरानं मुंबईला थंड हवेचं ठिकाण म्हणायला हवं. प्रत्यक्षात तो दादरला उतरतो, रुमालानं मान पुसतो आणि म्हणतो, ‘‘तुम्ही लोक इथं राहता तरी कसे?’’ मी मूळची नागपूरची आणि तीस वर्षं मुंबईत नोकरी करणारी. त्यामुळे हे वाक्य मी म्हटलंही आहे आणि ऐकलंही आहे.

यात नखरा काही नाही. आपण स्वस्थ बसलेलो असतानाही शरीर शंभर वॉटच्या जुन्या दिव्याइतकी उष्णता बाहेर टाकत असतं. हवा त्वचेपेक्षा गरम झाली, की ती टाकायला एकच वाट उरते, घामाची. पण घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. एक लिटर घाम पूर्ण वाळला, तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. नागपूरच्या कोरड्या हवेत तो आला कधी आणि वाळला कधी, कळतही नाही. मुंबईत तो अंगावरून ओघळतो, आणि ओघळलेल्या घामाचा उपयोग शून्य.

हे मोजताही येतं. तापमापकाच्या फुग्याला ओलं फडकं गुंडाळून वारा दिला, की पारा उतरतो. ४३ अंश तापमान आणि २० टक्के आर्द्रता असेल, तर तो २५च्या आसपास थांबतो. ३३ अंश आणि ६८ टक्क्यांना मात्र २८वरच अडतो. नागपूरला घरोघरी चालणारा कूलर मुंबईत कुचकामी ठरतो, तोही याच कारणानं.

मग ‘मला उन्हाळाच मानवतो’, ‘मला थंडीच आवडते’ असं आपण म्हणतो, त्याचं काय? त्यात सवयीचा वाटा मोठा आहे. उष्ण प्रदेशात गेल्यावर आठवड्या-दोन आठवड्यांत घाम लवकर सुटू लागतो, त्यातलं मीठ कमी होतं, रक्तातला द्रव वाढतो. थंडीशी शरीर इतकं जुळवून घेत नाही; तिथं स्वेटर आणि भिंतीच कामाला येतात. मनही बदलतं. रिचर्ड डी डिअर आणि गेल ब्रॅगर या संशोधकांनी १९९८मध्ये निरनिराळ्या देशांतल्या १६० इमारतींमधल्या लोकांची सुमारे २१ हजार उत्तरं अभ्यासली. खिडक्या उघडून वारा घेणाऱ्या इमारतींत, बाहेरचा उन्हाळा वाढला की लोकांना ‘बरं वाटणारं’ तापमानही वर सरकत होतं.

इथवर सगळं गमतीचं आहे. माझी आई ८२ वर्षांची, नागपूरला राहते. ‘‘मला काही होत नाही, जन्म गेला इथं,’’ हे तिचं ठरलेलं उत्तर. कूलरच्या आवाजानं झोप लागत नाही म्हणून तो बंद आणि भर दुपारी नुसता पंखा चालू. तिला खरंच उकडत नसेल. पण वय वाढलं की घाम उशिरा आणि कमी येतो, तहानेची जाणीव मंदावते, उकाडा लवकर कळतच नाही. रक्तदाबाच्या काही गोळ्या शरीरातलं पाणी आणखी कमी करतात. तेव्हा उकडत नाही म्हणजे अंग तापत नाही, असं नव्हे. त्यात हवा ४० अंशांच्या वर गेली, की पंखा गार करण्याऐवजी गरम वाराच अंगावर ढकलतो. कोरड्या हवेचा जो फायदा मी वर सांगितला, तो पोटात पाणी असेल आणि घाम येत असेल तोवरचाच.

तिला मुंबईला आणावं, असं भाऊ म्हणतो. मी त्याच्या विरुद्ध आहे. इथली दमट हवा तिच्या सवयीची नाही आणि चौथ्या मजल्यावर बोलायला माणूस नाही. तिथं अंगण आहे, शेजारच्या काकू आहेत. त्याऐवजी आम्ही कमी आवाजाचा कूलर घेतला, समोरची खिडकी थोडी उघडी ठेवायला सांगितलं. नाहीतर खोलीतच दमटपणा साचतो. डॉक्टरांना विचारून पाण्याचं प्रमाण ठरवलं. काकू दुपारी तीन वाजता डोकावतात. मीही त्याच सुमारास फोन करते. उकडतंय का, असं मी विचारत नाही. सकाळी भरलेल्या तांब्यात पाणी किती उरलंय, ते विचारते.