विश्लेषण : इंग्रजी शिकायला पुण्यात आलेल्या परदेशी विद्यार्थ्याचे पहिले १४ दिवस इतके महत्त्वाचे का?

येमेन, सुदान, इराण, अफगाणिस्तान अशा देशांतून अनेक तरुण शिक्षणासाठी पुण्यात येतात. पदवीला प्रवेश घेण्याआधी काही महिने फक्त इंग्रजी शिकायचे, हा त्यांतील अनेकांचा पहिला टप्पा असतो. मात्र वर्गातला पहिला धडा सुरू होण्याआधीच खोली, पोलीस नोंदणी, सिमकार्ड, बँक खाते अशी वेगळीच परीक्षा सुरू होते आणि तीही न येणाऱ्या भाषेत. त्यातला एक कागद अडला, की पुढचे सगळे अडते. गंमत म्हणजे हा कागद विद्यार्थ्याच्या नव्हे, तर घरमालकाच्या हातात असतो.

परदेशी विद्यार्थी पुण्यात का येतात?

उच्च शिक्षणाच्या अखिल भारतीय सर्वेक्षणानुसार २०२१-२२ मध्ये देशात ४६ हजार ८७८ परदेशी विद्यार्थी शिकत होते. त्यांतील सुमारे २८ टक्के नेपाळचे होते. महाराष्ट्र हे या विद्यार्थ्यांना सामावून घेणाऱ्या प्रमुख राज्यांपैकी एक असून त्यात पुण्याचा वाटा मोठा आहे. युरोप-अमेरिकेच्या तुलनेत कमी खर्च, इंग्रजी माध्यमातील पदवी आणि आधीपासून इथे असलेले आपल्या देशाचे विद्यार्थी, ही त्याची मुख्य कारणे.

पुण्याचे हे नाते जुने आहे. फर्ग्युसन महाविद्यालयात वनस्पतिशास्त्र शिकवणारे आणि वसतिगृहाचे रेक्टर असलेले डॉ. शां. ब. मुजुमदार यांना एकदा वसतिगृहाच्या खिडकीतून एक मुलगी आतल्या मुलाला काहीतरी देताना दिसली. चौकशी केल्यावर कळले, की मॉरिशसचा तो विद्यार्थी काविळीने आजारी आहे, त्याची काळजी घेणारे कोणी नाही आणि ती मुलगी त्याला जेवण आणून देते. परक्या देशातल्या या एकटेपणावर उपाय म्हणून १९७१ मध्ये ‘सिम्बायोसिस’ उभी राहिली. परदेशी विद्यार्थ्यांना इंग्रजी शिकवण्याचे कामही याच संस्थेच्या छत्राखाली वाढले.

इंग्रजीच्या अभ्यासक्रमासाठी व्हिसा कोणता लागतो?

दीर्घ मुदतीच्या अभ्यासक्रमासाठी विद्यार्थी व्हिसा लागतो आणि तो संस्थेच्या प्रवेशपत्राच्या आधारे मिळतो. म्हणजे व्हिसा विशिष्ट संस्थेतील शिक्षणासाठी असतो. एका संस्थेत इंग्रजी शिकून पुढे दुसऱ्या महाविद्यालयात पदवीला जायचे, तर आधी परवानगी घ्यावी लागते. ‘क्लास आवडला नाही म्हणून बदलला’ इतके ते सोपे नसते. त्यामुळे मायदेशातून शुल्क भरण्याआधी दोन गोष्टी विचारून घेणे शहाणपणाचे : संस्थेच्या प्रवेशपत्रावर विद्यार्थी व्हिसा मिळतो का आणि अभ्यासक्रम संपल्यावर पदवी प्रवेशासाठी त्याचे प्रमाणपत्र चालते का.

१४ दिवसांची मुदत कशासाठी?

१८० दिवसांपेक्षा अधिक मुदतीच्या विद्यार्थी व्हिसावर आलेल्या परदेशी नागरिकाला भारतात आल्यापासून १४ दिवसांच्या आत परदेशी नागरिक नोंदणी कार्यालयाकडे नोंदणी करावी लागते. पुण्यात हे काम पोलिसांच्या विशेष शाखेकडे आहे. अर्ज ‘ई-एफआरआरओ’ या संकेतस्थळावर भरला जातो. पासपोर्ट, व्हिसा, छायाचित्र, संस्थेचा बोनाफाइड दाखला आणि राहत्या पत्त्याचा पुरावा ही मुख्य कागदपत्रे. शेवटच्या कागदावरच गाडी अडते. बाकीचे सगळे विद्यार्थी बॅगेत घेऊन येतो किंवा संस्थेकडून मिळवतो. पत्ता मात्र त्याला अनोळखी शहरात, अवघ्या दोन आठवड्यांत उभा करायचा असतो.

‘सी फॉर्म’ काय आहे आणि तो कोणी भरायचा?

परदेशी पाहुणा राहायला आल्यापासून २४ तासांच्या आत त्याची माहिती कळवणे हे जागा देणाऱ्याचे काम आहे. हा ऑनलाइन अर्ज आजही सर्वत्र ‘सी फॉर्म’ म्हणूनच ओळखला जातो. हॉटेल आणि वसतिगृहांना त्याची सवय असते. पण दोन खोल्यांपैकी एक भाड्याने देणाऱ्या घरमालकालाही तो लागू आहे, हे अनेकांना ठाऊक नसते. मालकाने संकेतस्थळावर स्वतःची आणि जागेची नोंद करायची, मग भाडेकरूचा पासपोर्ट आणि व्हिसाचा तपशील भरायचा, इतकेच हे काम आहे.

तरीही ‘पोलिसांची भानगड नको’ म्हणून काही मालक जागाच नाकारतात, तर काही जण जागा देतात पण अर्ज भरत नाहीत. दुसरा प्रकार विद्यार्थ्यासाठी अधिक घातक. कारण डोक्यावर छप्पर असते, पण कागदावर पत्ता नसतो आणि मुदत मात्र संपत येते.

नियम मोडल्यास काय होते?

जुने चार कायदे रद्द करून आणलेला इमिग्रेशन आणि परदेशी नागरिक कायदा १ सप्टेंबर २०२५ पासून लागू झाला. व्हिसाची मुदत संपल्यावर राहिल्यास किंवा व्हिसाच्या अटी मोडल्यास तीन वर्षांपर्यंत कैद, तीन लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही अशी तरतूद त्यात आहे. शिक्षणसंस्थांनाही परदेशी विद्यार्थ्यांची माहिती कळवावी लागते. नोंदणी उशिरा झाली तर दंड भरावा लागतो आणि व्हिसा वाढवताना त्याची विचारणा होते. म्हणूनच उशीर होणार असे दिसताच, मुदत संपण्याची वाट न पाहता संस्थेच्या परदेशी विद्यार्थी कक्षाला लेखी कळवणे केव्हाही चांगले.

खोली घेताना काय पाहावे?

कोंढवा, कॅम्प, विमाननगर या भागांत परदेशी विद्यार्थी अधिक दिसतात. ओळखीचे लोक, हलाल मांसाची दुकाने किंवा संस्थेची जवळीक यांमुळे त्यांची पसंती ठरते. आल्या आल्या अकरा महिन्यांचा करार करण्याऐवजी पहिले दोन-तीन आठवडे संस्थेच्या वसतिगृहात किंवा ‘सी फॉर्म’ भरणाऱ्या गेस्ट हाऊसमध्ये काढले, तर नोंदणीची मुदत पाळता येते आणि खोलीही शांतपणे शोधता येते. मात्र नंतर पत्ता बदलला, की तोही ऑनलाइन कळवावा लागतो.

राज्यात भाडेकराराची म्हणजे ‘लिव्ह अँड लायसन्स’ची नोंदणी बंधनकारक आहे आणि ती करून घेण्याची जबाबदारी मालकाची आहे. शंभर-पाचशेच्या स्टॅम्प पेपरवर सही करून दिलेला कागद म्हणजे नोंदणीकृत करार नव्हे. अनामत रकमेची पावती, दलालीचा आकडा आणि वीजबिल कोण भरणार, हे आधीच लिहून घेतले तर निघताना वाद होत नाहीत.

पैशांचे आणि फोनचे काय?

पुण्यात चहाच्या टपरीवरही क्यूआर कोड असतो, पण यूपीआयला भारतीय क्रमांक आणि बँक खाते लागते. परदेशी विद्यार्थ्याला बँका साधारणपणे ‘एनआरओ’ प्रकारचे खाते देतात. त्यासाठी पुन्हा पत्त्याचा पुरावा मागितला जातो. म्हणजे ‘सी फॉर्म’पासून सुरू झालेली साखळी इथेही पोहोचते. परदेशातून येणाऱ्यांसाठी ‘यूपीआय वन वर्ल्ड’ ही वॉलेट सुविधा २०२३ मध्ये सुरू झाली. खाते उघडेपर्यंत ती किंवा मायदेशातील बँकेचे कार्ड आणि थोडी रोकड हाताशी हवी.

दुसरी महत्त्वाची बाब नोकरीची. विद्यार्थी व्हिसावर नोकरी करता येत नाही. कॅफेत संध्याकाळचे काही तास किंवा कॉल सेंटरमधील अरबी-फारसीचे काम ओळखीने मिळू शकते, पण त्यामुळे व्हिसाची अट मोडते. म्हणून खर्चाचा हिशेब घरून येणाऱ्या पैशांवरच मांडावा लागतो.

मायदेशातच संकट आले तर?

ऑगस्ट २०२१ मध्ये अफगाणिस्तानात तालिबानची सत्ता आली, तेव्हा पुण्यातील अफगाण विद्यार्थी अचानक अधांतरी झाले. घरून पैसे येणे थांबले, परत जाणे धोक्याचे आणि व्हिसा संपत आलेला. एप्रिल २०२३ मध्ये सुदानमध्ये युद्ध पेटल्यावर तेथील विद्यार्थ्यांवरही अशीच वेळ आली. अशा वेळी मुदतवाढीचा अर्ज ई-एफआरआरओवरच करावा लागतो आणि वेळेवर झालेली नोंदणी तेव्हा उपयोगी पडते. भारतीय सांस्कृतिक संबंध परिषदेची शिष्यवृत्ती असलेल्यांना परिषदेच्या पुण्यातील कार्यालयाशी संपर्क साधता येतो. स्वखर्चाने आलेल्यांना संस्थेचा परदेशी विद्यार्थी कक्ष आणि आपला दूतावास हेच आधार उरतात.

वर्गाबाहेर इंग्रजी कितपत कानावर पडते?

अपेक्षेपेक्षा कमी. रिक्षावाला, भाजीवाली, मेसच्या मावशी मराठी-हिंदीत बोलतात. खोलीत चौघे एकाच देशाचे असतील तर तिथे मायबोलीच चालते. त्यामुळे वर्गातले चार तास सोडले तर इंग्रजी मागे पडते. वेगळ्या देशाचा किंवा भारतीय खोलीमित्र, महाविद्यालयाची ग्रंथालये, शनिवार-रविवारचे उपक्रम यांचा उपयोग इथे होतो. ‘किती झाले’, ‘इथे थांबा’, ‘मीटरने चला’ एवढे मराठी आले तर रोजचे व्यवहार सोपे होतात. आणि आपत्कालीन क्रमांक ११२, संस्थेतील एका माणसाचा फोन आणि पत्ता मराठीत लिहिलेली चिठ्ठी खिशात असली, तर रात्री-अपरात्री भाषेवाचून अडत नाही.

घरमालकाच्या बाजूने पाहिले तर त्याच्याकडून अपेक्षा फार नाही. पासपोर्ट पाहून २४ तासांत ऑनलाइन अर्ज भरायचा आणि करार नोंदवायचा. या अर्ध्या तासाच्या कामावर समोरच्या तरुणाचे या शहरातले पुढचे सगळे शिक्षण अवलंबून असते.