‘खाली गोव्यात’ आणि ‘डाऊन इन गोवा’



ज्यांच्या पुण्यस्मरणार्थ आपण येथे जमलो आहोत, त्या सरांनी आयुष्यभर इंग्रजी शिकविले आणि ते मराठीतून समजावून दिले. म्हणून मी त्यांच्या वर्गातलाच एक लहानसा विषय निवडला आहे : रोजच्या इंग्रजीत क्रियाविशेषण आणि शब्दयोगी पदबंध यांची सांगड कशी बसते.

विषय लहान असला तरी त्यामागचा प्रश्न लहान नाही. मराठी माध्यमातील मूल मनात मराठीत विचार करते, म्हणून त्याचे इंग्रजी कच्चे राहते, असे आपल्या बेळगावसारख्या सीमाभागातील गावांत पालक सर्रास बोलतात. ही समजूत किमान एका बाबतीत तरी उलटी आहे, हे मला दाखवावयाचे आहे.

प्रथम संज्ञा स्पष्ट करू. ‘शाळेसमोर’ या शब्दातील ‘समोर’ हे आपले शब्दयोगी अव्यय. ते नामाच्या मागून येते. इंग्रजीत तेच काम करणारे ‘प्रिपोझिशन’ नामाच्या आधी येते. ते आणि त्याचे नाम मिळून जो गट होतो, त्याला मी येथे पदबंध म्हणतो : ‘इन गोवा’, ‘बिफोर टेन’, ‘बिहाइंड द टेंपल’. या पदबंधाच्या आरंभी इंग्रज माणूस पुष्कळदा एक छोटे क्रियाविशेषण ठेवतो. त्याचे तीन प्रकार मानता येतील.

पहिला प्रकार नेमकेपणाचा. येथे ‘राइट’ हा शब्द राज्य करतो. ‘राइट बिहाइंड द टेंपल’ म्हणजे देवळाच्या अगदी पाठीमागे. ‘राइट इन द मिडल ऑफ द रोड’ म्हणजे भर रस्त्यात. ‘राइट बिफोर द एक्झाम’ म्हणजे ऐन परीक्षेच्या तोंडावर. ‘शी वेंट स्ट्रेट टु द हेडमास्टर’ म्हणजे ती तडक हेडमास्तरांकडे गेली. अगदी, भर, ऐन, थेट, तडक ही आपली श्रीमंती पाहा. इंग्रजीने त्यातले बरेचसे काम एका ‘राइट’वर सोपविले आहे. मराठी मुलाला येथे नवी कल्पना शिकावी लागत नाही. असलेल्या पाच शब्दांना दोन प्रतिशब्द तेवढे शोधावे लागतात.

दुसरा प्रकार अंतराचा. ‘जस्ट बिफोर टेन’ म्हणजे दहाच्या किंचित आधी, ‘वेल बिफोर टेन’ म्हणजे दहाच्या बऱ्याच आधी, ‘लाँग बिफोर टेन’ म्हणजे दहाच्या कितीतरी आधी. याच जागी मोजमापही बसते : ‘टेन मिनिट्स बिफोर द बेल’, ‘टू माइल्स बियॉन्ड द स्टेशन’. मुलाखतीच्या पत्रात ‘वेल बिफोर टेन’ असे छापलेले असताना जो उमेदवार दहाला पाच मिनिटे कमी असताना दाराशी पोहोचतो, त्याचे व्याकरण कदाचित पक्के असेल. पण एका चार अक्षरी शब्दाकडे त्याचे दुर्लक्ष झाले, आणि त्याची किंमत त्याला मोजावी लागते.

रचनेतील एक गंमत येथे ध्यानात घ्यावी. ‘वेल – बिफोर – टेन’ हा इंग्रजी क्रम, आणि ‘दहाच्या – बऱ्याच – आधी’ हा आपला. नामाने जागा बदलली, परंतु क्रियाविशेषण दोन्हीकडे शब्दयोगीच्या अगदी आधीच उभे आहे. मात्र इंग्रजीत शब्दयोगी आणि नाम यांच्यामध्ये ते शिरत नाही. ‘बिफोर वेल टेन’ असे कोणी म्हणणार नाही. ‘ॲट एक्झॅक्टली टेन’ हे चालते, कारण तेथे ‘एक्झॅक्टली’ हे आकड्याचे विशेषण-कार्य करते.

तिसरा प्रकार मला सर्वांत प्रिय आहे. ‘अप’, ‘डाऊन’, ‘आउट’, ‘ओव्हर’, ‘बॅक’ हे शब्द स्थळ सांगणाऱ्या पदबंधापुढे येतात : ‘आउट इन द यार्ड’, ‘अप इन द ॲटिक’, ‘ओव्हर ॲट द स्टेशन’. स्थळ तर पदबंधाने सांगितलेच, मग हा आधीचा शब्द कशाला? पाठ्यपुस्तकावर वाढलेल्या विद्यार्थ्याला तो फाजील वाटतो. पण आपल्या घरचे बोलणे आठवा : बाहेर अंगणात, वर माळ्यावर, तिकडे स्टेशनवर. आपणही स्थळ दोनदा सांगतो. पदबंध नकाशावरची जागा दाखवितो. क्रियाविशेषण बोलणारा कोठे उभा आहे ते दाखविते. बेळगावचा माणूस ‘खाली गोव्यात’ म्हणतो, कारण तो घाटमाथ्यावर आहे. सावंतवाडीचा माणूस ‘वर बेळगावला’ म्हणतो. इंग्रजीत तेच ‘डाऊन इन गोवा’ आणि ‘अप इन बेळगाव’ होईल. शब्द गाळला तर वाक्य अशुद्ध होत नाही, पण त्यातला माणूस नाहीसा होतो. काळाच्या बाबतीतही हेच. ‘मागे १९५६ साली राज्यपुनर्रचना झाली’ यातले ‘मागे’ आणि ‘बॅक इन १९५६’ यातले ‘बॅक’ सख्खी भावंडे आहेत.

आता जेथे मराठी दगा देते ती जागाही सांगितली पाहिजे. आपले ‘अगदी’ विशेषणालाही चालते आणि स्थळालाही : अगदी सुंदर, अगदी समोर. म्हणून विद्यार्थी ‘व्हेरी ब्यूटिफुल’च्या धर्तीवर ‘व्हेरी इन फ्रंट’ लिहितो. इंग्रजी ‘व्हेरी’ शब्दयोगी पदबंधापुढे सहसा एकटे उभे राहत नाही. स्थळ-काळ नेमका करावयाचा तर ‘राइट’ हवे; पदबंध अवस्था सांगत असेल तर ‘व्हेरी मच’ हवे : ‘व्हेरी मच इन डिमांड’, ‘व्हेरी मच इन डाउट’. ‘व्हेरी निअर द स्टेशन’ हे मात्र शुद्ध आहे, कारण ‘निअर’चा स्वभाव बराचसा विशेषणासारखा आहे.

या साऱ्यामागे व्याकरणाचा एक जुना वाद आहे. ‘तो आत गेला’ यातले ‘आत’ क्रियाविशेषण आणि ‘घराआत’ यातले ‘आत’ शब्दयोगी, असे आपण शाळेत शिकलो. इंग्रजी ‘इन’चीही अशीच दोन नावे होती. डॅनिश पंडित ओटो येस्पर्सन यांनी १९२४ साली ‘द फिलॉसॉफी ऑफ ग्रामर’ या ग्रंथात विचारले की, क्रियापद कर्म घेवो वा न घेवो, आपण त्याला क्रियापदच म्हणतो. मग या शब्दांचीच दोन जातींत वाटणी का? हडलस्टन आणि पुलम यांच्या २००२ सालच्या ‘द केंब्रिज ग्रामर ऑफ द इंग्लिश लँग्वेज’ने हाच विचार पुढे नेला. ‘राइट’ची कसोटी त्याला पुष्टी देते. ‘ही केम राइट इन’ आणि ‘ही केम राइट इनटू द रूम’ दोन्ही चालतात. ‘राइट क्विकली’ मात्र आजच्या प्रमाण इंग्रजीत चालत नाही. म्हणजे एकटे ‘इन’सुद्धा ‘क्विकली’पेक्षा शब्दयोगीच्या कुळाला जवळचे आहे.

शिक्षक मित्रांना माझी विनंती एवढीच की, हा भाग यादी देऊन पाठ करून घेऊ नका. मुलांना आधी त्यांच्या घरातली वाक्ये विचारा : आजी कोठे बसली आहे, गाडी कोठे लावली आहे, बस कधी सुटली. ‘मागे परसात’, ‘अगदी दारासमोर’, ‘घंटेच्या थोडी आधी’ अशी उत्तरे येतील. ती फळ्यावर लिहा आणि शेजारी इंग्रजी मांडा. जे मूल मनात मराठीत विचार करते, त्याच्याजवळ तुलनेला एक संपूर्ण भाषा आहे. ती बाजूला ठेवावयास सांगणे म्हणजे हातातला दिवा विझवून वाट शोधावयास लावणे होय.